पावसाळ्यात घरबसल्या ‘टूथब्रश’ कसा शोधावा

जून ते सप्टेंबर गोव्यात तारे कुठले दिसायला! पणजीच्या वेधशाळेत जायचं ते दिवाळीनंतरच. रेडिओ नकाशे मात्र ढगांना जुमानत नाहीत. लॅपटॉप आणि बरं नेट असलं की दीर्घिकासमूहांच्या धडकेची ‘टूथब्रश’ नावाची खूण, म्हणजे रेडिओलहरींचा एक लांब पट्टा, म्हापशातूनही शोधता येते.

ब्राउझरमध्ये ‘अलादीन लाइट’ हा आकाशाचा ऑनलाइन नकाशा उघडा. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अंकांत ०६ ०३ १८ +४२ १४ ०० हा आकाशातला पत्ता (विषुवांश आणि क्रांती) टाका आणि अर्ध्या अंशाएवढा भाग दिसेल इतपत झूम करा. ही जागा सारथी तारकासमूहात आहे.

समोर येईल ते डीएसएस या आकाश-सर्वेक्षणाचं, दृश्य प्रकाशातलं चित्र. मध्यापासून किंचित वर, उत्तरेकडे नीट बघून घ्या. तारे, पुसट दीर्घिका. लांबलचक असं काहीच नाही. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. बरेच रेडिओ पट्टे एखाद्या दीर्घिकेतून निघालेले झोत असतात. आपल्या पट्ट्याला तसा धनी नाही, हे आधी पटायला हवं.

मग थर बदलून रोसॅट या उपग्रहाचा क्ष-किरण नकाशा लावा. मध्याजवळचा धूसर डाग म्हणजे दीर्घिकासमूहातला कोट्यवधी अंश तापलेला वायू.

आता टीजीएसएस हा रेडिओ थर. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेलं हे सर्वेक्षण. रंगांची श्रेणी ‘लॉग’ करा, नाहीतर फिकट भाग हातचा जातो. क्ष-किरणांच्या डागाच्या उत्तरेला उजवीकडे ठळक डोकं आणि डावीकडे लांब दांडा दिसला, की सापडला टूथब्रश! आकाशात त्याची लांबी चंद्राच्या रुंदीच्या पाव हिश्श्याहून थोडी जास्त. प्रत्यक्षात सुमारे ६० लाख प्रकाशवर्षं.

दोन दीर्घिकासमूह एकमेकांत घुसले तेव्हा विरळ वायूतून आघात-तरंग निघाले. त्यांनी इलेक्ट्रॉनना जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत रेटलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लाखाव्या हिश्श्याएवढ्या क्षीण क्षेत्रात गिरक्या घेत हे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. साधारण दहा कोटी वर्षांत त्यांचा जोर ओसरतो. जास्त ऊर्जेचे आधी थकतात, म्हणून आघाताची बाहेरची, उत्तरेची कड ताजी आणि आत समूहाकडे येताना उच्च वारंवारतेचा उजेड आधी मावळलेला.

शेवटी एनव्हीएसएस हा १४०० मेगाहर्ट्झचा रेडिओ थर लावा. एकूण तीव्रता १५० मेगाहर्ट्झच्या मानाने साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. पण नुसते रंग बघून हिशेब मांडू नका. एनव्हीएसएसची नजर ४५ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), टीजीएसएसची २५ विकलांची, त्यामुळे एनव्हीएसएसमध्ये डाग फुगलेलाच दिसतो.

हात बसला की २०१० साली जाहीर झालेला ‘सॉसेज’ नावाचा असाच पट्टा शोधा: २२ ४२ ४८ +५३ ०१ ००. तो बराच फिकट आहे आणि तिथे आपल्याच आकाशगंगेच्या ताऱ्यांची गर्दी, तेव्हा डीएसएसवर फार वेळ घालवू नका, थेट रेडिओ थर लावा.