बार्ज हाती घ्यायची तर आधी बादली उचल

माझ्या भाचीच्या सासरी गोव्यात मांडवी नदीत दोन बार्ज आहेत, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी. नवरा दुबईला नोकरीत, दीर नाही, आणि सासरे आता थकले. परवा तिचा फोन आला, "आत्या, सुरुवात कुठून करू?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. हा प्रश्न मला आजवर चौथ्यांदा विचारला गेलाय आणि चारही वेळा विचारणारी कुणाची तरी लेक नाहीतर सून होती. मुलगे विचारत नाहीत, ते सरळ खुर्चीत बसतात.

खुर्चीचं आधी उरकून टाकू. भागीदारीपत्रात नाव आणि बँकेत सही, हे दोन्ही झाल्याशिवाय एकही बिल तपासायला घेऊ नकोस. आमच्या घरच्या बार्जच्या धंद्यात मी सात महिने नुसती "बाबांना मदत" करत होते. त्या सात महिन्यांत डिझेलवाल्याने मला एकदाही भाव सांगितला नाही, "साहेबांशी बोलतो" म्हणायचा. सही झाली त्या आठवड्यात भाव कळला. आणि पगार घे, थोडा का असेना. घरखर्च फर्मच्या गल्ल्यातून होत असेल तर धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे कुणालाच कळत नाही.

आता बादली. बाबा सगळा धंदा नजरेवर आणि शब्दावर चालवत. जेटीवर उभे राहून म्हणत, "सोळाशे टन भरलंय," आणि समोरचा मान डोलवायचा. माझ्या शब्दावर कोण मान डोलवणार? म्हणून जिथे जिथे बाबांची नजर होती, तिथे तिथे मी आकडा ठेवला. त्याची सुरुवात एका भांडणातून झाली.

2009 चा ऑक्टोबर, पहिला आठवडा. पाऊस नुकताच सरला होता, नदी अजून गढूळ वाहत होती. आमची बार्ज वरच्या जेटीवर खनिज भरून मुरगाव बंदरात गेली. भरताना कागदावर सुमारे 1,700 टन, उतरवताना 38 टन कमी. समोरच्यांनी भाड्यातून पैसे कापलेच, वर आमच्या खलाशांनी वाटेत माल विकला असंही सुचवलं. बाबा चिडून घरी गेले. आमचा मास्तर, म्हणजे बार्ज हाकणारा, गुहागरकडचा, बोलायला कमी. तो एवढंच म्हणाला, "बाय, पाणी गोडं आहे."

बार्जमधला माल काट्यावर तोलत नाहीत. बार्ज पाण्यात किती बुडाली हे अंगावरच्या आकड्यांवरून वाचतात, रिकामी असताना आणि भरल्यावर, आणि फरकावरून टन काढतात. पण खाऱ्या पाण्याची घनता 1.025, गोड्याची 1.000. गोड्या पाण्यात तीच बार्ज तेवढ्याच मालाला जास्त बुडते. भरताना ज्याने हिशेब केला त्याने सवयीने 1.025 धरलं होतं. मी दुसऱ्या दिवशी पाण्याची घनता मोजायचा हायड्रोमीटर आणला, त्याच जेटीवरून बादलीभर पाणी ओढलं आणि त्यात सोडला: 1.002. पाटीवर भागाकार केला. 1,700 टनांवर चूक येते ती बरोब्बर 38 टनांची! एक घमेलंसुद्धा कुठे गेलं नव्हतं, ते कधी भरलंच गेलं नव्हतं. पैसे परत मिळायला तीन महिने लागले, पण त्यानंतर आमच्या बार्जवर पाण्याचा नमुना घेतल्याशिवाय कुणी आकडा लिहिला नाही.

तर तू हे शिक. आकडे पुढे, मध्ये, मागे आणि दोन्ही बाजूंनी वाचायचे. शेजारून होडी गेली असेल तर लाट बसेपर्यंत थांबायचं, कारण आमच्या मोठ्या बार्जला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण सात टन. पाणी वरचं घ्यायचं नाही, बार्ज जेवढी बुडाली आहे त्याच्या मधल्या खोलीचं घ्यायचं. वर गोडं आणि खाली खारं असं नदीत सर्रास असतं. भर पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध धरतो आणि मांडवीतून बाहेर पडणं बंद होतं. तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव गाठावं लागतं. एकदा त्या फेरीला बार्जवर बसून जा. भंडाऱ्याच्या हातची आमटी खा. मास्तर कुठे इंजिन मंद करतो आणि का, हे विचार. ऑफिसात वर्षभर बसून जे कळणार नाही ते त्या एका फेरीत कळेल.

पावसाळा हा दुरुस्तीचाही काळ. बार्ज स्लिपवर, म्हणजे यार्डातल्या दुरुस्तीच्या उतारावर, चढली की स्वतः तळाखाली जा. बाबा हातोडी मारून आवाजावरून पत्रा ओळखत, आणि त्यांचं सहसा चुकत नसे. मी जाडी मोजून घेते. आठ मिलिमीटरचा पत्रा साडेपाचवर आला असेल तर कितीचा पत्रा बदलायचा यावर यार्डवाल्याशी वाद घालायला हातात कागद लागतो. गंज रोखायला लावलेले झिंकचे तुकडे, पंख्याचा शाफ्ट, शाफ्टपाशी पाणी अडवणारी ग्लँड हे मास्तर आणि इंजिन सांभाळणारा ड्रायव्हर दोघांना वेगवेगळं विचार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तिथे उघडून बघायचं.

सर्व्हे, नोंदणी, विमा, माणसांचे परवाने यांच्या तारखा भिंतीवर लाव. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, तेव्हा सासऱ्यांच्या कपाटातल्या फायलीवर विसंबू नकोस.

आणि एकाच मालावर बसू नकोस. सप्टेंबर 2012 मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. आमच्या चारही बार्ज काठाला बांधलेल्या. बांधलेली बार्जसुद्धा खाते: राखणदार, विमा, बँकेचा हप्ता, गंज. 2013 मध्ये मी सगळ्यात जुनी भंगारात काढली. दोन काका वर्षभर बोलले नाहीत. ती आजोबांची होती. दुसरी एका जेटीच्या बांधकामावर भाड्याने दिली, किनाऱ्याने न्यायची म्हणून वेगळी परवानगी आणि वेगळा विमा काढून. नदीचे कागद समुद्रात चालत नाहीत. 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले तेव्हा आमचं अर्धं उत्पन्न खनिजाबाहेरचं होतं. ते नसतं तर आज हे लिहायला मी या धंद्यात नसते.

सत्कारात तुला सुमती मोरारजींचं उदाहरण हमखास ऐकवतील. ऐक. त्याही सूनच होत्या, सिंदिया जहाज कंपनीच्या संस्थापक घरातल्या, आणि 1956 मध्ये भारतीय जहाजमालकांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. फक्त शाल घेऊन घरी आलीस की डिझेलचं बिल उघड.

माझा जुना हायड्रोमीटर पाठवतेय. काचेचा आहे, तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलाय. तांदूळ आपल्या शेतातले आहेत, टाकू नकोस.