बांधावर कोयता उगारला गेला तर: बचावाचा हक्क कुठं सुरू होतो, कुठं संपतो

बेळगावच्या कोर्टात मी फौजदारी वकिली करते. खुनाच्या गुन्ह्यात अडकलेल्यांच्या घरची माणसं येतात, ती ‘पहिला घाव त्यानं घातला’ इथूनच सुरुवात करतात. मी विचारते, शेवटचा घाव पडला तेव्हा त्याच्या हातात काय होतं?

खानापूर तालुक्यातलं एक जुनं प्रकरण. दोन चुलतभाऊ, मध्ये दीड हाताचा बांध. एकानं कोयता उगारला, दुसऱ्यानं खोऱ्याच्या दांड्यानं हाणलं. पहिल्याच फटक्यात कोयता उसात जाऊन पडला आणि उगारणारा खाली कोसळला. दांडा थांबला नाही. आणखी दोन फटके बसले, माणूस गेला. पहिल्या फटक्यावर सरकारी वकिलांनीही फारसा जोर दिला नव्हता. सगळा खटला चालला तो पुढच्या दोन फटक्यांवर. खुनाचा ठपका गेला, सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे खुनाहून हलक्या गुन्ह्याचा, राहिला आणि माझ्या अशिलानं हिंडलग्याच्या जेलात सात वर्षं काढली. त्याची बायको अजून म्हणते, ‘वकीलबाई, कोयता त्यानंच आणला होता वो.’ खरंच त्यानंच आणला होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खाजगी बचावाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आधीच्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही, असे प्रसंग कलम ३८ मध्ये मोजून दिलेत: आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सरकारी मदत मागता येणार नाही अशा तऱ्हेनं डांबून ठेवणं आणि ॲसिड फेकणं. हाड मोडणं, दात पडणं, डोळा जाणं हे जबर दुखापतीत येतं. हाच हक्क दुसऱ्याला वाचवतानाही आहे. सख्खं नातं लागत नाही.

भीती वाटली की हक्क सुरू होतो, पहिला वार अंगावर घ्यावा लागत नाही. भीती संपली की हक्कही संपतो. हत्यार खाली पडलं, माणूस पळाला, लोकांनी त्याला धरला, की आपला हातही थांबला पाहिजे. त्या घाईत कोणी तराजू घेऊन फटके मोजत नाही, हे न्यायालयांनीही मानलंय आणि भित्र्यासारखं पळून जाण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयानं केलेली नाही. तरीही पाठलाग करून मारलेल्याला बचाव म्हणता येत नाही. चांगल्या हेतूनं बचाव करताना मर्यादा ओलांडली गेली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो, म्हणजे शिक्षा कमी, पण जेल आहेच.

आपल्याकडं भांडणं जमिनीची जास्त, म्हणून हे नीट ऐका. बांध कोरला, पाटाचं पाणी वळवलं, ऊस तोडून नेला, यासाठी कोणाचा जीव घेण्याचा हक्क कायदा देत नाही. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर नि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या जागेला आग लावणं, किंवा चोरीत, नासधुशीत नि घरात घुसण्यात आपल्या जिवावर बेतेल वा जबर दुखापत होईल अशी भीती, तेवढ्यापुरताच हा हक्क जीव घेण्यापर्यंत पोचतो. सरकारी यंत्रणेकडं जायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही. काल सांगून गेला की उद्या बांध फोडणार, तर आजच ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या, तहसीलदारांकडं जा, मोजणी मागवा. उतारा आणि नकाशा भांडणाच्या वेळी उपयोगाचे नसतात, आधी असतात. आणि दोन्हीकडून दहा-दहा जण काठ्या घेऊन ठरवून उतरले, तर बहुधा दोघांनाही बचावाचा आधार मिळत नाही.

घडलंच तर? ११२ ला फोन करा, जखमीसाठी ॲम्ब्युलन्स मागवा. घटनास्थळ सोडून पळू नका. पळालेला माणूस नंतर बचावाचं सांगतो तेव्हा त्याचं कोणी खरं धरत नाही. समोरचा जमाव अंगावर येत असेल तर थेट जवळचं ठाणं गाठा. कोयता, दांडा, रक्ताचे कपडे धुऊ नका, हलवू नका. स्वतःच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंदवा. अटक झाली तरी वैद्यकीय तपासणी होते, तिथं डॉक्टरांना सगळं दाखवा. तुमच्या डोक्यावरचे टाके आणि हातावरची कोयत्याची खूण तुमची बाजू बोलतात. बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते, पण ते संशयापलीकडं सिद्ध करावं लागत नाही. शक्यतेचं पारडं आपल्याकडं झुकलं तरी पुरतं.

पोलिसांना नाव-गाव सांगा, काय झालं ते थोडक्यात सांगा, तपशील वकील आल्यावर. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी भाग पाडू शकत नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करावं लागतं. अटकेत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन लावा.

आता आपल्या सीमाभागाची गोष्ट, ज्यात मी बाया-माणसांना रडताना पाहिलंय. कागद कन्नडमध्ये असतो. आमच्या त्या प्रकरणात फिर्याद अशिलाच्या थोरल्या भावानं दिली होती. त्याला बोलता येई ते फक्त मराठीत. लिहून घेतलेलं त्याला कळलं नाही, तरी त्यानं अंगठा दिला. त्यात ‘दोघांनी मिळून मारलं’ असं आलं. ते खोडून काढायला वर्षं गेली. फिर्याद वाचून दाखवावी लागते, हा नियम आहे. कळत नसेल तर म्हणा, ‘मराठीत सांगा, मग सही करतो.’ अटकेची कारणंही कळेल अशा भाषेत मागा. कोर्टात साक्ष आपल्याला न कळणाऱ्या भाषेत चालली, तर ती समजावून द्यायला न्यायाधीशांना विनंती करा. आरोपीला तो हक्क आहे. त्या थोरल्याला मी हे तीन वर्षांनी सांगितलं. तो म्हणाला, ‘त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर.’