कंपनी सोडताना पीएफ-पेन्शनच्या या चुका टाळा

वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत नोकरी सोडली की मित्रांचा सल्ला ठरलेला असतो: "आधी फंड उचलून घे." घरी बोअर घ्यायचा असतो, नाहीतर बहिणीचं लग्न निघालेलं असतं. नेट कॅफेवाला फॉर्म १९ आणि फॉर्म १०-सी एका बैठकीत भरून देतो. हा दुसरा फॉर्म कशाचा, ते कुणी विचारत नाही.

तो पेन्शनचा असतो, आणि सगळ्यात महागात तोच पडतो.

मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर १२ टक्के तुमचे कापतात, तेवढेच कंपनी भरते. तुमचा वाटा पूर्ण पीएफमध्ये जातो. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के मात्र ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. फॉर्म १९ ने पीएफ निघतो. १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले की पैशांबरोबर त्या नोकरीची वर्षंही जातात. आणि ५८व्या वर्षी पेन्शन सुरू व्हायला किमान दहा वर्षं लागतात (साडेनऊ झाली तरी दहा धरतात).

समजा एकाने चार वर्षं जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काढली, तीन वाळूजला, पाच चाकणला. दर वेळी १०-सी भरला, तर बारा वर्षं राबूनही पेन्शनच्या नावाने शून्य. पहिल्या चार वर्षांचे म्हणून फार तर साठेक हजार हाती आले असतील. तीच वर्षं जोडत गेला असता, तर (पगार गुणिले वर्षं भागिले ७० हा हिशेब) १५,००० गुणिले १२ भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,५७० रुपये जन्मभर, आणि त्याच्यामागे बायकोला विधवा पेन्शन. रक्कम मोठी नाही, मान्य. किमान पेन्शन २०१४ पासून हजारावरच अडकली आहे आणि पेन्शनर त्यासाठी रस्त्यावर उतरतात, तेही खरं. पण साठीला आलेल्या माणसाला दर महिन्याला हक्काचे अडीच हजार कोण देतं?

पैशांची नड असेलच तर पीएफपुरतं बघा, १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका. गावी शेती करायला निघालात आणि परत कंपनीत याल की नाही ते नक्की नसेल, तर त्याच १०-सीमध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. त्यावर तुमची वर्षं शाबूत राहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनचे पैसे काढण्याआधी थांबायची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिने करायचं ठरवलं, तेही लोकांनी घाईने वर्षं मोडू नयेत म्हणूनच.

पीएफ काढतानाही एक बघा: सलग पाच वर्षं भरली नसतील आणि रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल, तर टीडीएस, म्हणजे आयकर आधीच, कापला जातो. जुनं खातं ट्रान्सफर केलं असेल तर आधीची नोकरीही या पाच वर्षांत धरतात.

ठेकेदार बदलला, गेट तेच

कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांची खरी पंचाईत इथे आहे. मशिन तेच, सुपरवायझर तोच, पण ठेकेदार बदलला की पीएफचा सदस्य क्रमांक नवा. "आम्ही कुठे कंपनी सोडली?" म्हणून ट्रान्सफर कुणी करत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, बारा अंकी आणि एकच असायला हवा. त्याखाली सदस्य क्रमांक कितीही असू शकतात. नव्या ठिकाणी फॉर्म ११ भरून घेतात, तेव्हा जुना यूएएन सांगा. "आधी पीएफ नव्हता" असं लिहून मोकळं होऊ नका.

जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर ट्रान्सफर अडकतं. त्याच्या मागे फिरू नका. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले की ईपीएफओच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट' मधून आधारच्या ओटीपीवर ती तारीख आपली आपण टाकता येते. ओटीपी मात्र स्वतःच टाका, एजंटाला सांगू नका.

१ जूनवाले

आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावलेली. आधारवर फक्त वर्ष सांगितलं असेल तर १ जानेवारी. त्यात पीएफला आडनाव आधी आणि आधारला शेवटी. क्लेम परत येतो तो बहुतेकदा यामुळेच. ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून निघालेला यूएएन असेल तर नाव आणि जन्मतारीख घरबसल्या दुरुस्त होते. त्याआधीचा असेल तर कंपनीची मंजुरी लागते. म्हणून कंपनी सोडण्याआधीच हे काम उरका. नंतर एचआर फोन उचलत नाही.

ट्रान्सफर झालं, पेन्शन शून्य?

घाबरू नका. नव्या पासबुकात पीएफची रक्कम येते, पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही. ट्रान्सफरमध्ये पेन्शनचे पैसे नाही, नोकरीचा काळ पुढे जातो. तो आला का ते सर्व्हिस हिस्ट्रीत तपासा. जुनी कंपनी स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवणारी असेल तर तिच्याकडून 'अ‍ॅनेक्शर के' (ट्रान्सफर केलेल्या रकमेचा आणि नोकरीच्या काळाचा कागद) मागून ठेवा.

एवढं करूनही अडलंच तर हिंगोली-धाराशिवहून प्रादेशिक कार्यालयापर्यंत एसटीचा खर्च करण्याआधी ईपीएफओचं 'निधी आपके निकट' शिबिर गाठा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरतं. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना आधार, पासबुकची प्रिंट आणि जुन्या कंपनीची एखादी पगार चिठ्ठी न्या. पीएफ क्रमांक बहुधा त्यावर असतो.