नवा राउटर जोडण्याआधी कागद-पेन घेऊन बसा

गेल्या गणेश चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी नवा राउटर जोडायला बसलो आणि सगळ्यात आधी जुन्याच्या पाठीमागचं रिसेटचं भोक सुईने दाबून धरलं. दहा सेकंदांत सगळं पुसलं गेलं. त्यात कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्डही गेला, आणि तो माझ्याकडे दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता. इंटरनेट कंपनीचं ऑफिस चवथीच्या सुट्टीनंतर चौथ्या दिवशी उघडलं. तोवर नेट नाही, त्यामुळे कुवेतला असलेल्या भावाला व्हिडिओवर माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) बघता आली नाही, आरतीही नाही.

म्हणून आधी कागद-पेन. खोका नंतर उघडा.

कागदावर काय लिहायचं ते नीट ऐका, कारण इथे तीन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि माणूस त्यांत गोंधळतो. एक वाय-फायचा, तो घरातल्या पोरांनाही पाठ असतो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, तो बहुतेक खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिसरा पीपीपीओईचा, म्हणजे कंपनी तुमचं कनेक्शन ज्यावरून ओळखते तो. हा तिसरा कुठेच छापलेला नसतो. जोडणी करायला आलेला मुलगा तो स्वतःच टाकून निघून जातो. जुन्या राउटरच्या सेटिंगचं पान उघडून बघाल तर युजरनेम दिसेल, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके. तेव्हा ऑफिस चालू असेल अशा दिवशी, सकाळी, फोन करून तो मागून घ्या आणि लिहा. मोठी-लहान इंग्रजी अक्षरं विचारून लिहा. मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून भागवू नका, कागदावर लिहा.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा: हे लॉगिन मोडेममध्ये (फायबरची वायर जिथे लागते तो कंपनीचा डबा) टाकलंय की राउटरमध्ये, व्हीलॅन नंबर (काही कंपन्या सेटिंगमध्ये टाकायला देतात तो आकडा) लागतो का, आणि कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख-क्रमांकाला, बांधलंय का. मोडेमच लॉगिन करत असेल तर तुमचं काम निम्म्याने सोपं: राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो नुसतं वाय-फाय पसरवतो, बस्स. मॅक बांधलेला असेल तर नव्या राउटरच्या स्टिकरवरचा मॅक त्यांना कळवायचा, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही नेट चालणार नाही आणि तुम्ही उगाच तो पुन्हा पुन्हा टाकत बसाल.

लिहिलात पासवर्ड? मग पुढे.

जागा. आमच्यासारखी जुन्या चिऱ्यांची जाड भिंत असेल तर वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल एका भिंतीपलीकडे बराच पडतो, २.४ गिगाहर्ट्झचा संथ, पण जास्त लांब पोचतो. त्यामुळे मोडेम पडवीत असला तरी राउटर घराच्या मध्यावर न्या आणि मधलं अंतर मोजून लॅन केबल आणा. कॅट ५ई प्रकारची पुरते, शंभर मीटरपर्यंत चालते. फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर मात्र ओढायची नाही, काटकोनात वाकवायची नाही, तिच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. मोडेमवर एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला तर दोष त्या वायरीत किंवा कंपनीच्या बाजूला आहे, राउटरमध्ये शोधू नका.

विजेचं सांगतो. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की मोडेम-राउटर दोघांचे प्लग काढायचे. फायबरमधून वीज येत नसली तरी ॲडॉप्टरमधून येते. लाइट सारखी जात असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण आधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा.

जुना राउटर अजून रिसेट करू नका. नवा चालू होऊन एक पूर्ण दिवस जाईपर्यंत त्याला हातच लावू नका.

आता जोडणी. केबल मोडेमच्या 'लॅन' लिहिलेल्या भोकातून राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात. आधी मोडेम चालू, दोन-तीन मिनिटं थांबा, मग राउटर. मोबाईलवरून सेटिंग करणार असाल तर मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर फोन मध्येच वाय-फाय सोडतो आणि पान उघडत नाही. मोडेम आणि राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटरचा १९२.१६८.२.१ करा. मग कागदावरचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन.

बाकी पटापट: सेटिंगचा पासवर्ड बदला, वाय-फायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट. वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिलात तर टीव्ही-फोन बहुधा आपोआप जोडले जातात.

आणि तो कागद विजेच्या बिलांच्या फाईलीत लावा, आजच.