फ्लॅग फुटबॉल शिकताना सुरुवात कुठून करावी

फ्लॅग फुटबॉल या अमेरिकन फुटबॉलच्या प्रकारात प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे नसते. चेंडू बाळगणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला लावलेला फ्लॅग, म्हणजे लोंबती पट्टी, ओढून काढला की चाल तेथेच थांबते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झालेल्या या खेळाच्या प्रचलित प्रकारात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. आक्रमक संघाला मध्यरेषा ओलांडण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, ती ओलांडल्यावर मैदानाच्या टोकाचे गोल क्षेत्र गाठण्यासाठी पुन्हा चार मिळतात, आणि टचडाउनचे, म्हणजे चेंडू त्या क्षेत्रात नेण्याचे, सहा गुण होतात.

नवशिक्याने सर्वाधिक वेळ फ्लॅग ओढण्याच्या सरावाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. धावणाऱ्याचे डोके आणि खांदे सहज हुलकावणी देतात, परंतु त्याची कंबर फारशी फसवत नाही. म्हणून नजर कमरेवर ठेवावी, जवळ येताच पावले लहान करावीत, गुडघे वाकवावेत आणि मगच हात पुढे करावा. चेंडू बाळगणाऱ्याने हाताने फ्लॅग झाकणे किंवा ओढणाऱ्याचा हात झटकणे हा नियमभंग आहे, त्यामुळे सुटका दिशा बदलूनच करून घ्यावी लागते.

झेलताना चेंडू छातीवर न घेता बोटांनी पकडावा. डावपेचांत मोजक्याच चाली निवडाव्यात: एक खेळाडू खोलवर धावून बचावपटूंना मागे खेचतो आणि दुसरा त्या मोकळ्या झालेल्या जागेत आडवा शिरतो, ही जोडी पक्की झाल्याशिवाय नवी चाल घेऊ नये.