दोन साक: सामुईची फेरी चुकू नये म्हणून

थायलंडमध्ये को सामुई किंवा को फांगन या बेटांवर फेरीने (प्रवासी बोटीने) जायचं, तर बहुतेकांना सुरत थानी प्रांतातल्या दोन साक (Don Sak) नावाच्या गावी यावं लागतं. घोळ इथेच होतो: या गावात बोटीचा धक्का एकच नाही. राजा फेरी आणि सीट्रान फेरी या दोन कंपन्यांचे धक्के वेगळे आहेत, चालत जाण्याइतके जवळ नाहीत. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘दोन साक’ सांगितलं की सामान घेऊन भलत्याच धक्क्यावर उभं राहायची वेळ येते.

१. आधी हॉटेल सामुईत कुठे आहे ते बघा. सीट्रान नाथोनला उतरवते, राजा लिपा नोईला. फांगनला जायचं तर राजाची थेट फेरी आहे.

२. शक्यतो बस आणि फेरीचं एकत्र तिकीट काढा. मग बस योग्य धक्क्यावरच सोडते. रेल्वेने येणाऱ्यांनी तर हेच करावं, कारण सुरत थानीचं स्टेशन शहरात नसून फुनफिनला आहे आणि तिथून दोन साक बरंच लांब पडतं.

३. टॅक्सी केलीत तर तिकिटावरचं थाई नाव चालकाला दाखवा.

सामुईची फेरी साधारण दीड तास घेते, फांगनची अडीच.

एक जपा: ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे पावसाचे दिवस, समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका.