सूत, ब्रास आणि मिलिमीटर : अकरावीत बांधकाम शिकताना

दहावीला 56 टक्के पडले. घरात कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. सायन्स म्हटलं की क्लासची फी आली. पेठेतल्या एका ओळखीच्या पोरानं सांगितलं, अकरावी-बारावीला व्यवसाय अभ्यासक्रम असतोय, त्यात बांधकाम पण आहे. आमच्यात सगळे त्याला एमसीव्हीसीच म्हणायचे. बारावीचं सर्टिफिकेट बोर्डाचंच, फक्त भाषा वगैरे सोडून बाकी विषय धंद्याचे. आई म्हणाली, "गवंडीच व्हायचं होतं तर एवढं शिकवलं कशाला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता दहावीनंतर कुणी विचारलं तर सांगतो की या शिक्षणात दोन भाषा शिकाव्या लागतात. एक वर्गातली, एक साईटवरची. मला वाटलेलं वर्गातली खरी आणि दुसरी अडाण्यांची. ते डोक्यातून जायला वर्ष गेलं.

वर्कशॉपमध्ये आमची पहिली भिंत मातीत बांधून घेतली. सिमेंट नाहीच. कारण दुसऱ्या दिवशी ती पाडायची असते. बांधायचं, सरांनी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून भिंत सरळ उभी आहे का बघायचं, पाडायचं, विटा खरवडून परत रचून ठेवायच्या. पहिले दोन महिने हेच. तीन पोरं इथंच गळाली. एका थरात विटेची लांब बाजू दिसते, पुढच्या थरात डोकी दिसतात, आणि सांध्यावर सांधा येता कामा नये, एवढं हाताला कळायला माझे पाच-सहा प्रयत्न गेले. ओळंबा लावताना पंखा बंद करा, असं कुठल्या पुस्तकात नाही. पण दोरी हलत असताना माप घेणारा मी एकटाच नव्हतो.

मग प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणून कोल्हापुरातल्या फुलेवाडीकडं एका बंगल्याच्या साईटवर पाठवलं. तिथले मिस्त्री, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "चार सुतीच्या दहा सळया मोजून बाजूला काढ." मी गप्प उभा. वहीत माझ्या 8, 10, 12, 16 एमएम होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती म्हणजे साधारण 10 एमएम, चार सुती 12, पाच सुती 16. तसंच ब्रासचं. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण गिलाव्याचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. कॉलेजात सगळं घनमीटर. एक ब्रास वाळू म्हणजे 2.83 घनमीटर. हा तक्ता पहिल्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. लाजून मान डोलवू नका, मी तीन दिवस डोलवली.

मामांशी माझं खरं वाजलं ते मालावरून, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणावरून. जुलै होता, कोल्हापूरचा पाऊस माहीत आहे तुम्हाला. वाळू ओली. विटकामाला माल 1:6, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याला सहा फर्मे वाळू. फर्मा म्हणजे मापाची पेटी, 40 बाय 35 बाय 25 सेंटीमीटरची, म्हणजे बरोबर 35 लिटर, कारण 50 किलोचं पोतं तेवढंच भरतं. मी मोजत होतो, आणि सहा फर्मे झाल्यावर मामांनी वर आणखी दोन-तीन घमेली ओतली. मी मनात म्हटलं, सापडला! सिमेंट वाचवतोय म्हातारा. धीर करून विचारलं तर हसले. "अरं, वाळू भिजलीया. फुगलीया ती. तुझ्या पुस्तकात असंल बघ."

होतं. दुसऱ्या वर्षाच्या धड्यात. ओल्या दाण्याभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, दाणे एकमेकांपासून लांब राहतात, आणि बारीक वाळू पाव पटीच्या वरही फुगू शकते. फर्मा काठोकाठ दिसतो, आत वाळू कमी. म्हणजे सहाचा हिशेब पुरा करायला जादा घालावीच लागते. मामा शाळा सोडलेले, त्यांनी ते कुठल्याशा पावसाळ्यात शिकलेलं.

उलटही झालं. सळईचा ट्रक आला आणि वजनाची चिठ्ठी घेऊन सगळे नुसते बघत होते. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. 12 एमएमचं 0.89 किलो. नग मोजले, लांबी गुणली, वजन काढून दिलं. त्या दिवसापासून सळई आली की मामा हाक मारायचे.

चूक मात्र माझीच. खिडकीच्या खालची लेव्हल मी पाण्याच्या नळीनं दिली, नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला. दोन खोल्यांत मिळून इंचाचा फरक. एक थर काढावा लागला. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघायचं असतं, एवढंच.

पुढचं थोडक्यात. या शाखेतून बारावी झाल्यावर पॉलिटेक्निकला सिव्हिल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. मी तेच केलं. ज्याला नुसती हातकला हवी त्यानं कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये चौकशी करावी. गवंडीकामाचा कोर्स एक वर्षाचा, सिव्हिल ड्राफ्ट्समनचा, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा, दोन. अकरावीचा प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजात बांधकामाची तुकडी यंदा चालू आहे का, आणि वर्कशॉपमध्ये खरंच विटा आहेत का, स्वतः जाऊन बघा. वयाची 18 पूर्ण झाली आणि वर्षात 90 दिवस काम भरलं की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून टाका. पोरं आळस करतात.

आणि टेप घ्याल तो एका बाजूला इंच, एका बाजूला सेंटीमीटर असलेला घ्या. माझा पहिला टेप नुसत्या सेंटीमीटरचा होता. मामांनी तो बघितला आणि खिशातला स्वतःचा काढून दिला.